नाकासमोर चालणारं यंत्र

माणूस सरळ चालत नाही. हे मी त्याच्या चारित्र्याविषयी म्हणत नाही, पायांविषयी म्हणतोय. पुण्यात संध्याकाळी कोणालाही लक्ष्मी रस्त्याच्या एका टोकाला सोडा आणि दुसऱ्या टोकाला यायला सांगा. मध्ये साड्यांचा सेल लागतो. मग ओळखीचा माणूस भेटतो. मग उसने पैसे दिलेला माणूस दिसतो म्हणून आपण रस्ता ओलांडतो, तर पलीकडे उसने पैसे घेतलेला माणूस उभा असतो. तेवढ्यात फुटपाथवर दुचाकी येते आणि आपण रस्त्यावर उतरतो. बाहेरून कोणी ढकललं नाही तर वस्तू एका रेषेत एकाच वेगानं चालत राहते, असं न्यूटन सांगून गेला. न ढकलणारी माणसं त्याला कुठे भेटली कोण जाणे.

यंत्रांचंही तेच आहे. गोल फिरणं यंत्राला उपजत येतं. चाक, जातं, रहाट, पंखा, मिक्सर... मध्ये एक आस रोवायचा आणि भोवती गरगरायचं. पण ‘इथून निघ, नाकासमोर फूटभर जा, थांब, परत ये आणि वाटेत मान वळवू नकोस’ एवढं साधं काम यंत्राकडून करून घ्यायला भल्याभल्यांना घाम फुटला आहे. माझी भाची अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजातल्या रोबो बनवणाऱ्या टोळीत आहे. मी एकदा तिला कौतुकानं विचारलं, “तुमच्या त्या रोबोत सगळ्यात अवघड काय असतं गं? कॅमेरा? प्रोग्रॅमिंग? कृत्रिम बुद्धिमत्ता?”

“नाही रे मामा,” ती म्हणाली, “वर जाऊन खाली येणं.”

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. नंतर वाचायला घेतलं तेव्हा कळलं की ती एका फार जुन्या घराण्याचं दुखणं सांगत होती.

त्या घराण्याचा मूळपुरुष जेम्स वॉट. शाळेत आपल्याला त्याची किटली शिकवतात, खरी भानगड शिकवत नाहीत. त्याच्या इंजिनातला दट्ट्या सरळ वर-खाली होणार आणि त्याला जोडलेली वरची तुळई कमानीत झुलणार. आता सरळ जाणाऱ्याची आणि झुलणाऱ्याची गाठ कशी बांधायची? १७८४ साली वॉटनं काही दांड्यांची अशी जुळणी केली की तिच्यातला एक बिंदू जवळजवळ सरळ रेषेत चालायला लागला. जवळजवळच. तरीही पुढे म्हातारपणी मुलाला लिहिलेल्या पत्रात त्यानं कबूल केलं की आपल्या सगळ्या यांत्रिक शोधांत आपल्याला या जुळणीचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो. ज्याच्या नावानं आपण बल्ब विकत घेतो, त्या माणसाला विजेचं-वाफेचं काही नाही, जवळजवळ सरळ गेलेल्या एका बिंदूचं कौतुक!

‘जवळजवळ’ हा शब्द काढून टाकायला आणखी ऐंशी वर्षं लागली. १८६४ साली पोसेलिए नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानं सात दांड्यांची एक जुळणी मांडली, तिच्यातला बिंदू मात्र काटेकोर सरळ जायचा. सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञानं तिचा नमुना पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखल्या गेलेल्या शास्त्रज्ञाच्या हातात ठेवला. तर हे गृहस्थ तो परत देईनात. लेकरासारखा कुरवाळत बसले आणि अजून माझं मन भरलं नाही म्हणाले. अटलांटिकच्या तळाशी तार टाकण्यात ज्यांनी डोकं चालवलं, ते सात दांड्यांच्या खेळण्यापायी हट्टाला पेटले. सरळ रेषेचं वेड हे असं लागतं. भाचीला मी तेव्हापासून हसत नाही.

कारखान्यांनी अर्थात दांड्यांच्या फंदात न पडता दुसरी वाट धरली. लेथचा बेड घ्या. लोखंड घासून-खरवडून सपाट करायचं आणि त्यावरून हत्यार धरणारा सॅडल सरकवायचा. पण घासलेलं सपाट झालं हे ठरवायचं कशावरून? दोन पाटे एकमेकांवर घासले तर एक खोलगट आणि एक फुगीर होऊनही ते एकमेकांत झकास बसतात आणि आपण सपाट असल्याचा दोघांनाही आत्मविश्वास येतो. म्हणून पाटे तीन घ्यायचे आणि आलटून-पालटून तपासायचे, ही रीत व्हिटवर्थ या इंग्रज कारागिरानं एकोणिसाव्या शतकात रुजवली. तिसरा आला की पहिल्या दोघांचं पितळ उघडं पडतं.

पण लोखंडावर लोखंड घासतच जाणार. तेल घाला, ग्रीस फासा, ते आधी अडून बसतं आणि मग एकदम उडी मारतं. लेथवर उभा असलेला कारागीर हँडल फिरवताना हातानंच हे ओळखतो आणि सांभाळून घेतो. रोबोला हात आहेत, पण हाताला ती जाण नाही. त्याला सांगितलं दहा मिलिमीटर जा, की तो मोटर फिरवून मोकळा. मधल्या मध्ये कोण अडलं, कोणी उडी मारली, याची त्याला दखल नसते. त्याच्यासाठी मग लोखंड आणि लोखंड यांच्यामध्ये छर्रे घालावे लागले.

गोल फिरणाऱ्या बेअरिंगमधले छर्रे आपण लहानपणापासून ओळखतो. गॅरेजमधून जुनी बेअरिंगं मागून आणून फळीला ठोकायची आणि उतारावर गाडी सोडायची, हा धंदा आमच्या पिढीतल्या निम्म्या गुडघ्यांवर अजून दिसतो. तिथे छर्रे गोल गोल फिरत राहतात आणि त्यांना कुठे जायचंच नसतं. सरळ जायचं झालं की प्रश्न येतो: छर्रा लोळत लोळत टोकाला पोचला, आता पुढे काय? यावरचा तोडगा अमेरिकेत थॉमसन या कंपनीनं १९४०च्या दशकात बाजारात आणला. छर्रा ओझ्याखालून लोळत टोकापर्यंत जातो, तिथे वळतो, आणि मागच्या गल्लीतून रिकाम्या हातानं परत पहिल्या टोकाला येऊन पुन्हा ओझ्याखाली शिरतो. गोल रॉडवर सरकणाऱ्या या बेअरिंगच्या नळीच्या पोटात अशा चार-पाच वाटा असतात. अर्धे छर्रे कामावर, अर्धे परतीच्या वाटेवर. सरकारी कचेरीत हेच प्रमाण पाहून आपण चिडतो, पण इथे त्यावरच सगळं सुरळीत चाललेलं असतं.

घर्षण किती कमी होतं? घासणाऱ्या पृष्ठभागांच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शावर येतं. १९७१ साली तोक्योमध्ये टीएचके कंपनी निघाली आणि पुढच्याच वर्षी तिनं गोल रॉडऐवजी चौकोनी पट्टीच्या रुळावर सरकणारा छर्ऱ्यांचा ठोकळा काढला. ‘टफनेस, हाय क्वालिटी, नो-हाउ’ या तीन शब्दांची आद्याक्षरं घेऊन हे नाव केलंय. आपल्याकडे आजोबांचं नाव आणि पुढे ‘अँड सन्स’ लावलं की काम भागतं. तैवानची हायविन १९८९ सालची. आज पट्टीचा रूळ म्हटलं की या मंडळींची नावं निघतात, आणि त्यांच्या नावाचे डबे दुसऱ्याच कोणीतरी भरून विकल्याचीही चर्चा निघते.

आता मुद्द्याची गोष्ट. मोकळ्या हवेत सोडलेल्या वस्तूला सहा स्वातंत्र्यं असतात: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली, आणि तीन तऱ्हांनी गिरकी घेणं. पट्टीच्या रुळावरचा ठोकळा यातली पाच काढून घेतो आणि एक ठेवतो. लिनिअर, म्हणजे सरळ सरकवणाऱ्या, बेअरिंगची सगळी किंमत या पाच नकारांची आहे. होकार फुकट मिळतो, गुळगुळीत फरशीवर साबणाची वडीही सरकते. रॉडवरची नळी मात्र चारच स्वातंत्र्यं घेते. सरकत सरकत ती रॉडभोवती गिरकीही घेऊ शकते. रोबोचा पंजा वर जाता जाता कुल्यावर हात ठेवून वळला तर चालत नाही, म्हणून शेजारी दुसरा रॉड लावावा लागतो.

आणि तिथून घरात दोघं कर्ते झाल्यासारखं होतं. दोन्ही रॉड आपापल्या जागी अगदी सरळ असतात, पण एकमेकांना समांतर नसतात. केसाच्या जाडीएवढा फरक असला तरी दोन्हींवर सरकणारी मधली पट्टी एका टोकाला सुळकन जाते आणि दुसऱ्या टोकाला कण्हते. दोघांचेही स्क्रू आवळून पाहा, भांडण वाढतं. जाणते लोक एका रॉडला पक्का बसवतात. मग दुसऱ्याचे स्क्रू ढिले ठेवून पट्टी हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतात, त्याला स्वतःची जागा शोधू देतात आणि मग हळूच आवळतात. कारखान्यातल्या मोठ्या रुळांनाही हाच नियम: एक रूळ मुख्य, दुसरा त्याच्या कलानं घेणारा. कुठला मुख्य हे रुळावर खूण करून दिलेलं असतं, त्यामुळे पुढचा वाद टळतो. ही सोय घरात नाही.

भाचीच्या टोळीचा पहिला रोबो या सगळ्याच्या आधीच्या पायरीवर अडकला होता. त्यांनी स्वस्तात पितळी बुश, म्हणजे बिनछर्ऱ्यांच्या नळ्या, बसवले होते. लिफ्ट टेबलावर छान वर-खाली व्हायची. तिच्यावर पंजा चढवला, तोही एका बाजूला लांब, आणि लिफ्ट अर्ध्यात थांबली. मुलांनी मोटर मोठी घातली. लिफ्ट तिथेच. आणखी मोठी घातली. आता लिफ्ट तिथेच आणि मोटर गरम.

याचा अनुभव ज्यांच्या घरी जुनं लाकडी टेबल आहे त्या सगळ्यांना आहे. रुंद खण, दोन मुठी, आणि आपण एकाच मुठीला धरून ओढतो. खण तिरका होतो आणि अडतो. मग आपण जोर लावतो, मग पाय टेकवून जोर लावतो, मग वडिलांना हाक मारतो, वडील टेबलाला शिव्या देऊन जोर लावतात. खण ढिम्म. यामागे साधा हिशेब आहे. एका बाजूला ओढलं की खण मार्गदर्शक कडांवर तिरका दाबला जातो, आणि जितका जोर जास्त तितका दाब जास्त, तितकंच घर्षण जास्त. दोन्ही सारख्याच पटीत वाढतात, त्यामुळे जोर लावून काहीही होत नाही. सुक्या पृष्ठभागांसाठी यंत्रकारांचा ठोकताळा असा: आधाराच्या दोन बिंदूंमध्ये जेवढं अंतर, त्याच्या दुपटीहून लांबून ओढलंत तर अडणार म्हणजे अडणार. तेल घालून घर्षण कमी केलं तर दुपटीचं पाचपट होतं. छर्रे घातले तर दीडशेपटीच्याही वर जातं. थोडक्यात, अडलेल्या खणाला हत्ती बांधला तरी तो सुटत नाही, चार बोटं टेकवून सरळ धरला की सुटतो. हे गणित वडिलांना सांगायची हिंमत मात्र अजून कोणत्याही शास्त्रानं दिलेली नाही.

मग टोळी छर्ऱ्यांचं बेअरिंग आणायला मुंबईला नागदेवी स्ट्रीटला गेली. तिथे बेअरिंग नावाची वस्तू माणसांपेक्षा जास्त संख्येनं राहते. भाची आत्मविश्वासानं म्हणाली, “काका, एलएम एट यूयू द्या.” एलएम म्हणजे लिनिअर मोशन, आठ म्हणजे आतलं भोक आठ मिलिमीटर, यूयू म्हणजे दोन्ही तोंडांना धूळ अडवणारे सील. बाहेरून पंधरा मिलिमीटर जाड, चोवीस लांब. जगभरातल्या घरगुती थ्रीडी प्रिंटरांच्या एका अख्ख्या पिढीचा भार या चिमुकल्या नळीनं वाहिला. बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बोयर यांनी २००५ साली स्वतःचेच भाग छापणाऱ्या प्रिंटरचा, रेपरॅपचा, प्रकल्प सुरू केला. त्याच्या वंशावळीतले प्रिंटर प्लास्टिकचे कोपरे स्वतः छापतात, पण या नळ्या बाजारातूनच आणाव्या लागतात. स्वयंभू म्हणवणाऱ्यालाही नागदेवी चुकत नाही.

शेठनी विचारलं, “चायना देऊ का ओरिजिनल?”

“फरक काय?”

“चायना वाजतं. ओरिजिनल वाजत नाही, त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक वाजतं.”

टोळीनं वाजणारं घेतलं. रॉड मात्र पुण्यातूनच, घराजवळच्या दुकानातला स्टेनलेस स्टीलचा, चकाचक. दिसायला देखणा आणि स्वभावानं मऊ. पोलादी छर्रे त्यावरून धावायला लागले आणि काही दिवसांत रॉडवर नांगरल्यासारख्या रेघा उठल्या. त्यासाठी बाहेरून कडक केलेला रॉडच लागतो, रॉकवेलच्या मापात साठाच्या आसपासचा. तो हॅक्सॉनं कापायला गेलात तर रॉड तसाच राहतो आणि ब्लेडचे दात जातात. त्यामुळे तो मापाचाच मागवावा लागतो आणि तो यायला वेळ लागतो, आणि स्पर्धा तर नेहमी पुढच्याच आठवड्यात असते.

मग वंगण. नव्या बेअरिंगला पुडीतच तेल लागलेलं असतं. ते गंज लागू नये म्हणून, वंगण म्हणून नव्हे. ग्रीस आपण भरायचं. टोळीतल्या एका मुलाला वाटलं, एवढ्याशा छर्ऱ्यांना ग्रीस कशाला, आणि त्यानं आईच्या बाटलीतलं खोबरेल सोडलं. रात्रभर लिफ्ट लोण्यासारखी चालली. डिसेंबरातली सकाळ उजाडली, खोबरेल थिजलं, आणि रोबो स्वेटर मागायला लागला. त्याला ड्रायरनं शेकून चालू करावं लागलं. डोक्याला लावतात तसं तेल रोबोला लावलं की तोही आंघोळीच्या पाण्याची वाट पाहत बसतो.

पट्टीच्या ठोकळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. तो रुळावर बसलेला असतो तोवर शहाणा. ‘जरा खालून कसा दिसतो बघू’ म्हणून कुतूहलानं रुळाच्या टोकावरून काढला की स्वस्तातल्या ठोकळ्यातले बारीक छर्रे टपटप खाली येतात, आणि पुढे टेबलाखाली, कपाटाखाली, चपलांत, जिथे जिथे झाडू पोचत नाही तिथे. म्हणून ठोकळ्यासोबत प्लास्टिकची एक खोटी पट्टी येते. ठोकळा रुळावरून या पट्टीवर सरकवायचा, मग काढायचा. ही पट्टी कशाला असते हे कळेपर्यंत बहुतेकांनी ती फेकून दिलेली असते. भाचीच्या होस्टेलच्या खोलीत झाडलोट करणाऱ्या मावशी छर्रे वेचून एका डबीत ठेवतात. “ताई, तुमचे मणी,” म्हणून देतात.

मला सगळ्यात आवडली ती यांच्या आयुष्याची मोजणी. लिनिअर बेअरिंगचं आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, किलोमीटरमध्ये मोजतात. नेमून दिलेलं पूर्ण ओझं ठेवलं तर दर शंभरातल्या नव्वदांनी पन्नास किलोमीटर काढावेत, हा त्यांच्या क्षमतेचा अर्थ. त्या चिमुकल्या नळीचं हे नेमलेलं ओझं सुमारे अठ्ठावीस किलो. ओझं निम्मं केलं तर आयुष्य दुप्पट होत नाही, आठपट होतं. पाव केलं तर चौसष्टपट, म्हणजे तीन हजार दोनशे किलोमीटर. पुण्याहून दिल्लीला जाऊन परत येण्याहून जास्त, आणि तेही फूटभर रॉडवरून न उतरता. हा तक्ता मी आमच्या मॅनेजरला दाखवला होता. त्यांनी तो बारकाईनं वाचला आणि उरलेल्या दहांची चौकशी केली.

लोकांना रोबो म्हणजे सिनेमातला, डोळे लुकलुकवणारा वाटतो. १९६१ साली न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागलेला युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो. त्याला डोळेही नव्हते आणि तोंडही नव्हतं. एक जाडजूड हात वळायचा, वर-खाली व्हायचा आणि लांब-आखूड व्हायचा, साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून बाजूला ठेवायचा. सरळ आत आणि सरळ बाहेर. आजही मोटारींच्या कारखान्यांत सहा सांध्यांचा दिमाखदार रोबो एका गाडीवरून दुसरीकडे जातो तेव्हा त्याच्या पायाखाली रूळ आणि ठोकळे असतात. फोटो हाताचे काढतात.

आपल्याकडे या सरळ जाण्याचा मोठा जाहीर कार्यक्रम झाला २००८ साली, पुण्यात बालेवाडीला. आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यापीठांची एबीयू रोबोकॉन ही स्पर्धा त्या वर्षी भारतात होती, आणि यजमानांनी विषय निवडला होता ‘गोविंदा’. दहीहंडी! देशोदेशींच्या रोबोंनी हंडीतलं लोणी काढायचं. आपल्याकडे हंडी फोडायला थर लागतात, वरचा पोरगा लागतो, खालचे खांदे लागतात आणि वर्गणी लागते. रोबोला थर लावता येत नाहीत, त्याला स्वतःच सरळ वर वाढावं लागतं. एकात एक सरकणारे दांडे, दोऱ्या, कप्प्या, बेअरिंगं. गोविंदाच्या गावात येऊन लोणी नेलं ते चीनच्या संघानं. चायना वाजतं म्हणणाऱ्या शेठना हे कोणीतरी सांगायला हवं.

आपल्या कॉलेजांतली पोरं उंच जाण्यासाठी फार वर्षं एक देशी उपाय करत आली आहेत. हार्डवेअरच्या दुकानात स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांना लावायची टेलिस्कोपिक चॅनेल मिळतात. तीन पट्ट्या एकात एक, मध्ये पिंजऱ्यात बसवलेले छर्रे. हीसुद्धा लिनिअर बेअरिंगच, फक्त सुताराच्या जातकुळीतली. पंचेचाळीस किलो पेलेल असं त्यावर छापलेलं असतं, पण ते जोडीनं, उभ्या कडेवर लावल्यास. आडवी टाकली तर पट्टी वाकते आणि मग सुताराच्या नावानं बोटं मोडली जातात. रोबोच्या लिफ्टला ती मात्र चपखल बसतात, स्वस्त असतात आणि रात्री नऊपर्यंत मिळतात.

भाचीच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यातलं एक वाकलं. तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. ती आमच्याकडेच उतरली होती. जेवता जेवता तिची नजर ओट्याखाली गेली आणि तिथेच राहिली.

“मामी, तुझी ही मधली ट्रॉली किती इंची आहे गं?”

“वीस. का?”

“नाही, सहज. तिच्यात काय ठेवतेस?”

“डाळींचे डबे. आणि सांगून ठेवते, ते तिथेच राहणार आहेत.”

“हो गं, डबे राहू देत ना,” भाची म्हणाली. “मामा, तुझ्याकडे स्टार स्क्रूड्रायव्हर आहे का?”